मध्यरेषेचा नवा पत्ता

"सगळं येईल ना रे?" आवटी पंचांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"येईल."

"खालचं पण?"

"खालचं म्हणजे?"

"अरे, लेखाखाली लोक लिहितात ते."

"कमेंट म्हणतात त्याला, पंच. आठ वर्षं ब्लॉग लिहिताय."

"तेच ते. ते येईल ना?"

"सगळं येईल. घर बदलताना आपण भांडीकुंडी मागं ठेवतो का? तसंच हे," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि खिशातली शिट्टी चाचपली. ती त्यांची सवयच होती. पंच म्हणून मैदानावर उतरायचं बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण शर्टाच्या वरच्या खिशात पितळी शिट्टी कायम.

ही मे महिन्यातली दुपार होती. विट्यात कापडाच्या दुकानावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशिनी, त्यातल्या चार चालू. सुट्टीत पोरं नसायची, म्हणून दुपारी चार ते सहा आवटी पंचांचा अड्डा तिथंच असे. ते माझ्या डाव्या हाताला बसत, म्हणजे मी त्यांच्या उजव्या बाजूला येई. त्यांना एका उजव्या कानानंच ऐकू येत असे.

गजानन आवटी म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून आणि एके काळचे जिल्ह्यातले नामांकित कबड्डी पंच. आपण पंचगिरी केलेल्या प्रत्येक सामन्याची टिपणं त्यांनी वह्यांत लिहून ठेवली होती. अशा बेचाळीस वह्या. माझ्याकडे मशिनी होत्या, रिकामा वेळ होता आणि कबड्डीचं वेड होतं. वेडच, कारण खेळ काही जमला नाही. शाळेच्या संघात मी तीन वर्षं राखीव होतो, आणि आमच्या शाळेत राखीव म्हणजे पाण्याची बादली सांभाळणारा. तर आम्ही दोघांनी मिळून ब्लॉग काढला, नाव ठेवलं 'मध्यरेषा'. ते वह्यांतले जुने सामने एका बोटानं टाइप करायचे, मी नव्या स्पर्धांवर लिहायचो. सातारा-सांगलीकडचे दोनेकशे लोक नेमानं वाचायचे. पैसा एक नाही, पण चौकात चहाला गेलो की कुणीतरी ओळखायचं.

ज्या फुकटच्या जागेवर हा ब्लॉग होता त्या कंपनीनं एप्रिलमध्ये कळवलं की दुकान बंद होतंय. एकतीस मेपर्यंत आपापला माल उचला. मी नवी जागा शोधली. तिथं फोटो मोठे दिसत, अक्षर सुबक होतं. मी खूश होतो. पंचांना अक्षराशी देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त खालचं हवं होतं.

आणि खालच्यातलं सुद्धा एकच.

ते मला माहीत होतं. जिल्ह्यात सगळ्यांनाच निम्मं माहीत होतं. अठ्ठ्याऐंशी साली विट्याच्या मैदानावर जिल्हा अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. शेवटची चढाई नागझरीच्या आनंदा खबालेची. एक गुण मिळाला की सामना त्यांचा. समोर खुर्चीत पोलीस भरतीसाठी खेळाडू निवडणारे साहेब बसलेले. आनंदानं कोपऱ्यातल्या गड्याला पाय लावला, तिघं अंगावर आले, त्या तिघांना ओढत तो मध्यरेषेवर पडला आणि हात रेषेला टेकवला. पंच आवटी. त्यांनी शिट्टी मारली आणि हात वर केला. दम तुटला, चढाईपटू बाद.

आनंदा उठून एवढंच म्हणाला, "पंच, न्हाई तुटला." मैदानावर पंचाचा निर्णय म्हणजे निर्णय. साहेब दुसऱ्या संघातले दोघं घेऊन गेले. आनंदा पुढं साखर कारखान्याच्या काट्यावर हंगामी कामगार झाला, तो शेवटपर्यंत हंगामीच राहिला.

एकवीस वर्षांनी पंचांनी ब्लॉगवर लेख लिहिला. 'माझा डावा कान'. त्यात सरळ लिहिलं की सामन्याच्या दोन वर्षं आधी तापात माझा डावा कान गेला होता. मी कुणाला सांगितलं नाही, कारण शिट्टी सुटत नव्हती. आनंदा माझ्या डाव्या अंगाला पडला होता. उजव्या कानात नुसता प्रेक्षकांचा गोंगाट होता. त्याचा आवाज मला आला नाही, म्हणून मी तो थांबला असं धरलं. दम तुटलाच नव्हता, हे मला त्याच रात्री कळलं होतं. लेख वाचून लोकांनी शिव्याही दिल्या, काहींनी धाडसाचं कौतुकही केलं. पंच रोज येऊन खालचं वाचायचे. चार वर्षं वाचत राहिले, बाकी कुणी त्या लेखाकडे फिरकेनासं झालं तरी. मग एके दिवशी ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि मला म्हणाले, "अरिंजय, इकडं ये. हे मोठ्यानं वाच. या कानात वाच."

मी वाचलं. 'नमस्कार पंच. मी आनंदा खबाले, नागझरी. कारखान्यावरल्या एकाच्या मोबाईलवरनं लिवून घेतोय. दम तुटला न्हवता हे मला म्हाईत हुतं आणि तुमाला म्हाईत न्हवतं, एवढंच झालं. आता मनात काय न्हाई. कवातरी चहाला या. येताना शिट्टी आणा.'

"परत वाच," पंच म्हणाले. मी परत वाचलं. ते रडले, आणि मला म्हणाले की हे कागदावर उतरवून घेऊ का? मीच हसलो. "इंटरनेटवरचं कुठं जात नाही, पंच. कागद वाळवी खाते." ते माझ्यावर विश्वास ठेवायचे. मशिनीतलं मला कळतं, मैदानातलं त्यांना, अशी आमची वाटणी होती.

चहाला मात्र ते गेले नाहीत. उद्या जाऊ, दिवाळीनंतर जाऊ, असं चाललं होतं. त्यांना लाज वाटायची. आणि यंदाच्या मार्चमध्ये, म्हणजे ब्लॉग हलवायच्या दोन महिने आधी, आनंदा काविळीनं गेला.

आता माझं सांगतो.

फेब्रुवारीत मी एक मोठा लेख लिहिला होता, 'मातीवरून मॅटवर'. दोन महिने खपलो होतो. सांगलीच्या एका दैनिकाच्या क्रीडा पानावर दर आठवड्याचं सदर मिळायची शक्यता होती, संपादकांना दुवा पाठवला. त्यांनी उघडला तेव्हा लेखाखाली पहिलीच कमेंट पंचांची. 'अरिंजय, लेख फार छान. फक्त पाच चुका आहेत.' आणि मग पाचही चुका, साल-तारखेसह, कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर पुरावा आहे तेही. शेवटी, 'असाच लिहीत राहा, आशीर्वाद.' त्याखाली अकरा लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. एकानं लिहिलं, 'राखीव खेळाडूला चढाईला पाठवलं की असंच होणार.' संपादकांचा फोन आला. म्हणाले, "लिहिता बरं, पण आवटी पंचांकडून तपासून घेत चला." सदर दुसऱ्याला गेलं.

पंचांना मी काही बोललो नाही. त्यांनी चांगल्या मनानं केलं होतं, हे मला कळत होतं. त्यामुळंच जास्त राग येत होता. वाईट मनानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

वीस मेला मी ब्लॉग हलवायला बसलो. जुन्या जागेवरून सामान बाहेर काढताना मशीन विचारतं, काय काय न्यायचं. लेख, फोटो, कमेंट. प्रत्येकापुढं चौकोन, प्रत्येकात आधीच बरोबरची खूण. मी आधी 'मातीवरून मॅटवर' उघडला होता. ती कमेंट पुसायची होती. बोट बटणावर नेलं आणि वाटलं, एकच पुसली तर मुद्दाम पुसली हे दिसेल. पंच तर लगेच विचारतील. सगळ्याच गेल्या तर ते मशिनीचं काम, त्याला माणूस काय करणार?

मी कमेंटपुढची खूण काढली. आनंदाची आठवण मला तेव्हा आली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. आली. मी म्हटलं, बघू नंतर.

दुसऱ्या दिवशी पंच आले. मी थाटात नवा ब्लॉग दाखवला. त्यांनी सरळ 'माझा डावा कान' उघडायला सांगितलं आणि खाली गेले. खाली लिहिलं होतं, 'अद्याप प्रतिक्रिया नाहीत.'

"हे काय?"

"कमेंट आल्या नाहीत, पंच."

"आल्या नाहीत म्हणजे? तू म्हणाला होतास."

"तांत्रिक अडचण आहे. जुन्या आणि नव्या जागेचं जुळत नाही. जगात कुणाच्याच येत नाहीत."

"मग जुन्या जागेवर जाऊन बघू."

मी जुना पत्ता टाकून दाखवला. तो आपोआप नव्या ब्लॉगवर आला. वाचक चुकू नयेत म्हणून ती सोय मीच करून ठेवली होती. आतून, माझ्या पासवर्डनं, जुना ब्लॉग जसाच्या तसा होता, सगळ्या कमेंटसकट, एकतीस मेपर्यंत. खूण परत लावून सामान पुन्हा आणायला अर्धा तास लागला असता. पण मग ती आधी का आली नाही, याला उत्तर लागलं असतं.

"बघा, गेला तो," मी म्हणालो.

पंचांनी पडद्यावरच्या 'अद्याप प्रतिक्रिया नाहीत' वर बोट टेकवलं. मग म्हणाले, "अरिंजय, मला ते लागणार होतं रे." आणि त्यांनी खिशातून पत्रिका काढली. नागझरीचं मंडळ एक जूनला आनंदाच्या नावानं स्मृतिचषक भरवत होतं. सामन्याआधी मध्यरेषेवर आनंदाचा फोटो ठेवून नारळ फोडायचा होता. पंचांना तिथं जायचं होतं. फोटोपुढं उभं राहून त्याची माफी मागायची आणि ती शिट्टी तिथं ठेवायची, एवढंच. मंडळाला फोन केला तर मंडळ म्हणालं, आमचं काही नाही, पण शालनवहिनी म्हणतात त्या पंचाचा पाय मैदानाला लागला तर स्पर्धा बंद करीन.

शालन म्हणजे आनंदाची बायको.

"तिला ते दाखवलं असतं तर झालं असतं," पंच म्हणाले. "नवऱ्याचे शब्द आहेत. तिला माहीतच नसणार. बरं, दाखवता नाही तर सांगता तर येईल. तू चल माझ्याबरोबर. तूच वाचून दाखवलं होतंस ना."

मला नाही म्हणता आलं नाही. अठ्ठावीस तारखेला सकाळी माझ्या मोटारसायकलवरून आम्ही नागझरीला गेलो. पंचांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, पंचगिरी करताना घालायचे तसा. वाटेत उजव्या बाजूनं डोकं पुढं काढून मला म्हणाले, "मी नीट बोलेन ना रे? काही चुकलं तर सांभाळ."

शालनवहिनी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. पंच कोण ते न सांगता त्यांनी ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत. पंचांनी हात जोडले.

"वहिनी, मी आवटी. माझं चुकलं होतं. मी ते लिहून जाहीर केलंय. माझा कान..."

"म्हाईत हाय मला. पेपरात का कशात लिवलं तुमी. लोकांनी सांगितलं. लई मोठं काम केलं."

"आनंदानं ते वाचलं होतं. त्यानं मला उत्तर दिलं होतं. मनात काही नाही म्हणाला. चहाला बोलावलं होतं मला."

शालनवहिनींचा हात शेंगेवर थांबला. "कोन म्हनालं?"

"आनंदा. लिहून पाठवलं होतं."

"सव्वीस वर्सं मी त्येंच्या शेजारी निजले. सव्वीस वर्सं झोपेत त्यो मानूस दम धरायचा. कबड्डी कबड्डी करत घामानं भिजायचा, आन् मी उठवून पानी द्यायची. दवाखान्यात शुद्ध न्हवती तवाबी वठ हलत हुतं. आन् तुमास्नी म्हनाला मनात काय न्हाई?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला न्हाई कदी म्हनाला त्यो असं. दावा मला. कुटं लिवलंय?"

"ते होतं, पण आता... मशिनीतनं गेलं ते. ह्याला विचारा. हा अरिंजय चौगुले, शिक्षक आहे कॉम्प्युटरचा. ह्यानंच मला वाचून दाखवलं."

शालनवहिनी माझ्याकडे वळल्या. पंचही वळले, उजवा कान माझ्याकडे करून. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. माझ्यावर भिस्त टाकून ते मोकळे झाले होते.

"तुमी सांगा वो मास्तर. तुमी वाचलं हुतं? माज्या मालकानं लिवलेलं?"

माझ्या शर्टाच्या खिशात मोबाइल होता. रेंजचे दोन दांडे होते, येतानाच बघितले होते. पासवर्ड टाकून ती कमेंट काढायला एक मिनिट लागलं असतं. त्या बाईला नवऱ्याचे शब्द मिळाले असते. पंचांना त्यांचं मैदान मिळालं असतं. आणि पंचांना त्याच मिनिटाला कळलं असतं की कमेंट कुठं गेलीच नव्हती, आठवडाभर मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलत होतो. नुसतं 'हो, वाचलं होतं' म्हटलं असतं तरी भागलं असतं, हे मला आज दिसतं. तेव्हा वाटलं, हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग त्याच्या पुढचा. आणि आणखी एक वाटलं, ते लपवत नाही. पाच चुका काढणारा माणूस आता माझ्या एका शब्दासाठी थांबलाय, याची मजा वाटली. घोटभर, पण वाटली.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"अरे, असं काय करतोस?" पंच म्हणाले. "दोनदा वाचलंस. शिट्टी आणा म्हणाला होता तो, आठव."

"खूप लोक लिहितात, पंच. सगळं कसं लक्षात राहणार?"

पंचांनी घाईघाईनं खिशातून शिट्टी काढून पुढं केली, जणू ती साक्ष देणार होती. शालनवहिनी उठून उभ्या राहिल्या. मांडीवरची टरफलं खाली पडली.

"ती आदी आत ठिवा. ह्या शिट्टीनं एकदा त्येंचा दम तोडला. आता ते बोलू शकत न्हाईत म्हनून त्येंच्या तोंडात शब्द घालायला आला? मेलेल्या मानसाच्या नावावर खोटं बोलताय, आन् वर साक्षीदार आनताय. त्यो बिचारा मास्तर तरी खरं बोलला. जावा. एक जूनला हिकडं फिरकू नगासा."

 परतताना गावाच्या वेशीपाशी पंच "थांब" म्हणाले, उतरले, ओढ्याच्या कठड्यावर बसून राहिले. मी पाणी आणून दिलं. ते प्यायले नाहीत, तांब्या हातात धरून बसले.

तीस तारखेला ते क्लासवर आले तेव्हा दाढी केलेली नव्हती. ते माझ्या डाव्या हाताला बसले. म्हणाले, "अरिंजय, एक विचारतो, रागावू नको. तू खरंच वाचून दाखवलं होतंस की मी नुसतं ऐकलं?"

"म्हणजे?"

"मी दोन रात्री आठवतोय. तू इथं उभा होतास, तुझा शर्ट निळा होता. पण तुला आठवत नाही म्हणतोस. तू खोटं कशाला बोलशील? तुझा काय फायदा? मग माझ्याच डोक्यानं रचलं असेल का? कानानं एकदा फसवलंय मला. जे होतं ते ऐकू आलं नव्हतं. आता नव्हतं ते ऐकलं असेल."

हा शेवटचा दरवाजा होता, आणि तो त्यांनीच उघडून धरला होता. जुना ब्लॉग बंद व्हायला अजून दीड दिवस होता. बोलावं असं वाटलं. जीभ उचलली सुद्धा. पण आता नुसती कमेंट नव्हती, नागझरीचं अंगणही होतं. त्या अंगणाचं मी काय सांगणार होतो?

"पंच," मी म्हणालो, "वय झालं तुमचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू मान डोलावली. खेळाडू पंचाचा निर्णय मान्य करतात तशी.

"मग ते दुरुस्त करायला पाहिजे," ते म्हणाले. "उद्या येतो."

एकतीस तारखेला सकाळी दहाला ते आले. आज एका बोटानं टाइप होणार नाही, तूच घे म्हणाले. ते सांगत गेले, मी घेत गेलो. लेखाचं नाव, 'माझा दुसरा चुकीचा निर्णय'. मजकूर नऊ-दहा ओळींचा. 'मी, गजानन आवटी, असे जाहीर करतो की कै. आनंदा खबाले यांनी मला क्षमा केली असे मी त्यांच्या पत्नीस सांगितले, ते खरे नाही. तसा कोणताही मजकूर अस्तित्वात नाही. माझ्या मनाच्या समाधानासाठी मी तो रचला असावा. मृत खेळाडूच्या नावाने मी असत्य बोललो. श्रीमती शालन खबाले यांची मी जाहीर क्षमा मागतो. यापुढे मी कोणत्याही मैदानावर पाऊल ठेवणार नाही.'

"काही चुका आहेत का बघ," ते म्हणाले.

"नाहीत," मी म्हणालो.

"मग टाक."

त्याच मशिनीवर, शेजारच्याच पानावर, जुना ब्लॉग उघडा होता. मी सकाळी आल्या आल्या काढला होता, का ते मलाच ठाऊक नाही. आनंदाचे शब्द तिथं होते, चहाला या, शिट्टी आणा. पंच पडद्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मी लेख प्रसिद्ध करायचं बटण दाबलं.

जाताना त्यांनी शिट्टी काढून माझ्या कीबोर्डवर ठेवली. "परवा तू जाशील तिथं, बातमी करायला. आनंदाच्या फोटोपुढं ठेव. माझी आहे म्हणू नको, म्हणजे ठेवू देतील."

"परवा नाही, उद्या आहे," मी म्हणालो. चूक काढायची संधी मी तेव्हाही सोडली नाही.

"हो, उद्या," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते क्लासवर कधी आले नाहीत.

एक जूनला मी नागझरीला गेलो. मैदान छान केलं होतं, ताजी माती, पांढऱ्या फक्कीच्या रेषा. मध्यरेषेवर पाटावर आनंदाचा फोटो, तरुणपणीचा, छाती पुढं काढलेला. पंचांचा लेख कुणीतरी मोबाइलवरून शालनवहिनींना वाचून दाखवला होता. त्यांनी मला पुढं बोलावलं आणि लाऊडस्पीकरवरून सांगितलं की नारळ या मास्तरांच्या हातानं फुटंल. ओळखीच्या म्हाताऱ्या मानसाची भीड न धरता हे खरं बोललं. मला टॉवेल-टोपी दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मैदानाच्या मधोमध उभा होतो आणि माझ्या हातात बादली नव्हती. मी नारळ फोडला. एका घावात फुटला.

शिट्टी खिशातच राहिली. कुणी विचारलं असतं, ही कुणाची, तर काय सांगायचं?

पंच पुढं पाच वर्षं जगले. एकदा बाजारात दिसले तर त्यांनीच नमस्कार केला, ब्लॉग कसा चाललाय विचारलं. म्हणाले, "मैदानावर जात नाही, पण तुझं वाचतो जावयाच्या मोबाइलवर. आता चुका नसतात." मी गेलो त्यांच्या मातीला. त्या बेचाळीस वह्या मुलीनं मला दिल्या, तुमच्याशिवाय कोण सांभाळणार म्हणाली.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की मागच्या महिन्यात या नव्या जागेनंही बंद होत असल्याचं कळवलं. अकरा वर्षांत तीही जुनी झाली होती. मी पुन्हा सामान बांधायला बसलो. मशिनीनं पुन्हा तेच विचारलं. लेख, फोटो, कमेंट. खूण काढायच्या आधी मी एकदा 'माझा दुसरा चुकीचा निर्णय' उघडला. खाली एकशे सोळा कमेंट होत्या. 'मध्यरेषा'वर इतक्या कशालाच आल्या नाहीत. 'थू.' 'म्हातारा खोटारडा.' 'आधी कान, आता जीभ.' 'मेल्यावर तरी सोडा त्याला.' दोन पंच संघटनांचे निषेधाचे ठराव. शेवटची कमेंट पंच गेले त्या दिवसाची, 'एक कलंक कमी झाला.'

बोट त्या चौकोनावर नेलं. खूण काढली असती तर ह्या सगळ्या गेल्या असत्या, पण लोकांनी विचारलं असतं, कमेंट कुठं गेल्या म्हणून. मी तशीच ठेवली.

अर्ध्या तासात सगळं आलं. खालचं पण.